चार वाजून सत्तावन्न मिनिटे

बॅकअप आहे का, असे विचारले की बहुतेक घरांत उत्तर तयार असते. "आहे ना, त्या काळ्या डिस्कमध्ये आहे." ती काळी डिस्क कपाटाच्या वरच्या खणात, रेशनकार्ड आणि गॅसच्या पुस्तकाशेजारी. तिच्यात शेवटचे काय भरले आणि कधी, हे मात्र घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. आमच्या सोसायटीत कॉम्प्युटर रुसला की मला हाक येते, त्यामुळे हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे आणि त्यानंतरची शांतताही.

आज मात्र सोसायटीतली रडगाणी बाजूला ठेवून एका कंपनीची एक रात्र सांगतो. गिटलॅब तिचे नाव. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड तिथे ठेवतात, त्यावर चर्चा करतात, चुका नोंदवतात. या कंपनीकडे माहिती सांभाळायचे एक नव्हे, पाच मार्ग होते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्या पाचांचीही परीक्षा झाली. काय घडले ते कंपनीने स्वतःच जगासमोर उघडे मांडले, म्हणून आपल्याला ते मिनिटामिनिटाने ठाऊक आहे. खालच्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

३१ जानेवारी, रात्री १०.५०. अपघाताला सहा तास

एका इंजिनिअरने मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने घेतला. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी डिस्कवर जे जसे आहे, त्याचे चित्र. असे चित्र दर चोवीस तासांनी आपोआप निघतच असे. पण याला डेटाबेसवरचा भार वाटून देण्याच्या नव्या व्यवस्थेची चाचणी घ्यायची होती, आणि चाचणीच्या मशीनवर शिळा डेटा नको होता. म्हणून ताजा स्नॅपशॉट घेऊन तो त्या दुसऱ्या मशीनवर चढवला. बॅकअप घेतोय असे तेव्हा त्याच्या मनातही नव्हते.

हे "दुसऱ्या मशीनवर" लक्षात ठेवा. आपल्याकडे घरोघरी सी ड्राइव्हमधले डी ड्राइव्हमध्ये टाकतात आणि त्याला बॅकअप म्हणतात. सी आणि डी या बहुतेक वेळा एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर डीमधले वाचते, तेवढा उपयोग खरा. पण डिस्कच बसली, किंवा चोराने लॅपटॉप उचलला, तर दोन्ही खोल्या एकदमच जातात.

मध्यरात्रीनंतर १२.३०. साडेचार तास

डेटाबेसवरचा भार अचानक वाढला. लोकांना प्रतिक्रिया लिहिता येईनात. संशय स्पॅमवाल्यांवर गेला. एकाच खात्यातून ४७ हजार आयपी पत्त्यांवरून लॉगिन होत होते, ते बंद केले. त्यात आणखी एक गंमत. कुणा खोडसाळाने कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार केली होती, आणि यंत्रणा इमानेइतबारे ते खाते, त्याच्या सगळ्या पसाऱ्यासकट, पुसायच्या मागे लागली होती. भार आटोक्यात आणण्यात काही तास गेले.

पहाटे ३.३०. दीड तास

नवी घंटा वाजली. मुख्य डेटाबेसच्या मागोमाग चालणारा दुय्यम डेटाबेस फार मागे पडला होता.

इथे थोडे थांबतो, कारण घरगुती बॅकअपमधला सगळ्यात मोठा घोळ याच जागी आहे. दुय्यम डेटाबेस म्हणजे आरसा. मुख्य मशीनवर जे होईल तेच त्याच्यावर व्हायचे. मुख्य मशीन जळाले तर आरसा कामाला येतो. पण मुख्य मशीनवर तुम्ही काही पुसलेत, तर आरशातही ते पुसले जाते. तो आरसाच आहे, त्याचे कामच ते.

गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचे सिंक हा असाच आरसा. कॉम्प्युटर बिघडला तर फायली वर सुखरूप असतात, म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण तुमच्या हातून एखादे फोल्डर उडाले की ते वरूनही उडते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते तीस दिवस पडून राहते, मग कायमचे जाते. शेजारच्या काकूंचा फोन भरला होता. फोटो गुगलवर चढलेत हे पक्के विचारून घेऊन त्यांनी गुगल फोटोजच्याच ॲपमध्ये बसून पाचशे फोटो निवडले आणि उडवले. "वर आहेत ना ते, फोनमधले काढले मी." वरचेही गेले होते. तिथे कचरापेटीची मुदत साठ दिवसांची असते. काकूंनी एक्केचाळिसाव्या दिवशी मला विचारले, म्हणून नातवाचे बारसे वाचले. त्यांच्या हातून चूक झाली असे मी म्हणणार नाही. "फोनमधली जागा मोकळी करा" या नावाचे वेगळे बटण त्याच ॲपमध्ये असते, आणि ते कुठे दडलेय हे शोधायला मलाही वेळ लागतो.

सिंक वाईट नाही. मी स्वतः वापरतो. फक्त त्याला बॅकअप समजू नये. बॅकअप म्हणजे अशी प्रत, जी तुमच्या आजच्या चुकीत सामील होत नाही. मॅकमध्ये २००७ साली आलेली टाइम मशीन किंवा विंडोज ८ पासूनची फाइल हिस्टरी यांचा फायदा इथे आहे. या सोयी वेगळ्या डिस्कवर फायलींच्या जुन्या आवृत्त्या साठवत जातात. टाइम मशीन शेवटच्या चोवीस तासांतली दर तासाची प्रत ठेवते, महिनाभराची रोजची, त्यामागची आठवड्याची, आणि डिस्क भरली की सगळ्यात जुनी काढते. म्हणजे मंगळवारी बिघडवलेली फाइल शुक्रवारी लक्षात आली तरी सोमवारची काढता येते. आरसा सोमवार दाखवत नाही.

पहाटे ४.३०. अर्धा तास

इंजिनिअरच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र झाली होती. अकराच्या सुमारासच काम आटोपायचा त्याचा विचार होता, पण हा दुय्यम डेटाबेस मध्ये आला. मागे पडलेल्या आरशाला पुन्हा जुळवून घ्यायचे तर त्याच्यावरचा जुना डेटा पुसायचा आणि मुख्य मशीनवरून सगळा नव्याने उतरवायचा, अशी रीत होती. त्याने दुय्यम मशीनवरचा डेटा पुसला. उतरवणारा प्रोग्राम सुरू केला. तो ना पुढे सरके, ना तक्रार करे. इकडची सेटिंग बदल, तिकडचा आकडा वाढव, असे चालू राहिले.

या घटकेला एक गोष्ट होऊन गेली होती, जिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. नवी प्रत करायची म्हणून जुनी प्रत पुसली होती. आता चालू डेटाबेस जगात एकच होता.

घरी आपण हेच करतो. एक टीबीची डिस्क भरते. त्यात "बॅकअप नवीन", "बॅकअप नवीन २", "दिवाळी नंतरचा", "फायनल बॅकअप" अशी फोल्डर्स असतात. जागा हवी म्हणून आपण आधी जुने पुसतो आणि मग नवे भरायला घेतो. मधल्या दोन तासांत वीज गेली, डिस्कला धक्का लागला, तर? म्हणून मी लोकांना एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा मध्यम आकाराच्या दोन घ्या म्हणतो. एकदा हिच्यावर, पुढच्या वेळी तिच्यावर. एक रिकामी होत असताना दुसरी भरलेली असते. आणि दोघींना नावे द्या. फॉरमॅटची खिडकी उघडली की दोन्ही जागी "न्यू व्हॉल्यूम" लिहिलेले दिसते, आकार दोन्हींचा तोच, आणि रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. माझ्या एकीचे नाव गंगा आणि दुसरीचे गोदा आहे. हसायचे असेल तर हसा.

पहाटे ४.५७

इंजिनिअरला वाटले, दुय्यम मशीनवर डेटाचे रिकामे फोल्डर शिल्लक आहे, त्यामुळे तो प्रोग्राम अडत असावा. ते फोल्डर काढून टाकायची आज्ञा त्याने दिली. लिनक्समधली ही आज्ञा काही विचारत नाही, कचरापेटीत काही ठेवत नाही, सरळ पुसते.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले. समोरच्या खिडकीत मशीनचे नाव होते डीबी१. पुसायचे होते डीबी२ वर.

त्याने आज्ञा थांबवली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

पहाटे ५ नंतर

आता पाच मार्ग एकेक करून उघडायला घेतले.

आरसा त्यांनी स्वतःच नुकताच रिकामा केला होता.

दुसरा मार्ग रोजच्या बॅकअपचा. दर चोवीस तासांनी डेटाबेसची संपूर्ण प्रत काढणारा प्रोग्राम लावलेला होता. त्याच्या फायली सापडल्या, आकार काही बाइट्स. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारा प्रोग्राम चालत होता ९.२ चा. आवृत्ती जुळत नाही म्हणून तो रोज सुरू होई आणि रोज मान टाके.

या प्रती ॲमेझॉनच्या साठवणीत जाऊन पडायच्या, तो तिसरा मार्ग. तिथे पाहिले तर साठवण रिकामी. मग इतके दिवस कोणाला कळले कसे नाही? रोज अपयश आले की ईमेल जायची सोय होती. पण कंपनीने खोट्या ईमेल रोखण्यासाठी सहीची सक्ती केली होती, आणि या सूचनांच्या ईमेलवर ती सही नव्हती. त्यामुळे "बॅकअप झाला नाही" हे सांगणारी प्रत्येक ईमेल दारातूनच परत गेली. ईमेल येत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे सगळे समजून चालले होते. मला विचाराल तर पुसण्याच्या चुकीपेक्षा ही चूक मोठी. पुसणारा एक-दोन सेकंद चुकला, ही तपासणी मात्र रोज चुकत होती.

चौथा मार्ग, सर्व्हर ज्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर होते, तिथल्या डिस्कच्या प्रती. त्या इतर सर्व्हरसाठी चालू होत्या. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालू केल्याच नव्हत्या, कारण बाकीचे मार्ग पुरेसे आहेत असे वाटले होते.

पाचवा मार्ग, रोजचा आपोआप निघणारा स्नॅपशॉट. तो जवळजवळ एका दिवसाइतका जुना.

आणि मग कोणाला तरी आठवले, रात्री १०.५० ला हाताने एक घेतला होता. चाचणीसाठी.

अशीच गोष्ट याआधी एकदा घडली आहे. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असताना असल्याच एका आज्ञेने चित्रपटाचा बहुतेक भाग सर्व्हरवरून पुसला गेला आणि बॅकअपच्या टेप खराब निघाल्या. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेचे मूल तान्हे होते, म्हणून त्या घरून काम करत, आणि त्यासाठी घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची प्रत असे. तो कॉम्प्युटर गोधड्यांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून स्टुडिओत आणला. तिथेही वाचवले ते दुसऱ्याच कामासाठी केलेल्या प्रतीने.

आमच्या सोसायटीतही बहुतेकदा असेच वाचते. डिस्क उडते, बॅकअपची काळी डिस्क लागत नाही, आणि मग लग्नाचे फोटो सापडतात ते नाशिकच्या मावशीकडे, कारण तिने कधीतरी पेनड्राइव्हवर मागून नेले होते. पीएचडीचा प्रबंध मिळतो तो मार्गदर्शकांना पाठवलेल्या ईमेलमध्ये, तीन प्रकरणे कमी असलेला. मावशी कामाची आहेच. पण तिच्याकडे लग्नाचे फोटो आहेत, घराच्या कर्जाची कागदपत्रे नाहीत.

मावशीला मुद्दाम कामाला लावणे, एवढेच त्या गाजलेल्या ३-२-१ नियमात आहे. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने तो लोकांपर्यंत नेला. प्रती तीन, माध्यमे दोन प्रकारची, त्यांतली एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची कशाला, असे विचारणाऱ्यांनी २६ जुलै २००५ ची मुंबई किंवा ऑगस्ट २०१९ चे सांगली-कोल्हापूर आठवावे. तळमजल्यावर टेबलावरचा कॉम्प्युटर आणि कपाटातली डिस्क एकाच पाण्यात भिजतात. आणि घरातली डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. गिटलॅबच्या रात्रीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही कुलूप घालत होता.

१ फेब्रुवारी, सकाळी ११ च्या सुमारास. सहा तास उलटून गेले

दिल्लीत अरुण जेटली अर्थसंकल्प मांडत होते, पहिल्यांदाच १ फेब्रुवारीला. गिटलॅब बंद होती. चाचणीच्या मशीनवरून डेटा परत मुख्य मशीनवर येत होता, सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास. चाचणीचे मशीन स्वस्तातले, त्याच्या डिस्क संथ. यूट्यूबवर हे काम थेट दाखवले जात होते आणि एका वेळी पाच हजार लोक ते बघत होते. सगळे पुन्हा उभे राहायला एकूण अठरा तासांवर गेले.

परत आणायला किती वेळ लागतो, हा प्रश्न बॅकअप घेताना कोणी विचारत नाही. घरचा हिशेब सोपा आहे. ५०० जीबी फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवरून सेकंदाला १०० मेगाबाइटने आले, तर दीड तासाच्या आत काम होते. तेच क्लाउडवर चढवायचे आणि तुमच्या इंटरनेटचा वर चढवायचा वेग २० मेगाबिट असेल, तर सलग पंचावन्न तास. म्हणून रोजच्या अडचणीसाठी डिस्क जवळ असावी आणि पूर, आग, चोरीसाठी क्लाउड किंवा मावशी.

वेळ आणखी एका गोष्टीत जातो. नुसत्या फायलींची प्रत असेल, तर नवी डिस्क आणून विंडोज टाका, प्रिंटरचे ड्रायव्हर शोधा, मराठी टायपिंग, टॅली, सगळे पहिल्यापासून. शनिवार-रविवार त्यात जातो. संपूर्ण डिस्कची प्रत, जिला इमेज म्हणतात, ती असेल तर कॉम्प्युटर जसाच्या तसा उभा राहतो. पण इमेज जागा खाते, आणि आत दडलेला व्हायरसही जसाच्या तसा परत आणते. मी वर्षातून दोनदा इमेज घेतो, फायली आठवड्याला. दुकान घरातूनच चालवणाऱ्यांनी इमेज महिन्याला घ्यावी.

आणि डिस्कला कुलूप असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून कॉम्प्युटरपासून लांब ठेवा. ती त्याच कॉम्प्युटरवर साठवून ठेवणारे मी दोन जण पाहिलेत. दोघेही इंजिनिअर.

१ फेब्रुवारी, रात्री ११.३०

गिटलॅब पूर्ववत झाली. पण आदल्या रात्री १०.५० पर्यंतचीच. त्यानंतरच्या सहा तासांत नोंदले गेलेले सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती गेली, ती गेलीच. लोकांचा कोड मात्र वाचला. तो त्या डेटाबेसमध्ये नव्हताच, शिवाय गिटची रचनाच अशी की प्रत्येक प्रोग्रामरच्या कॉम्प्युटरवर संपूर्ण इतिहासासकट त्याची प्रत असते.

२०११ पासून ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी वर्षअखेरीची धावपळ असते, म्हणून त्याआधीचा एखादा रविवार धरा. काळी डिस्क कपाटातून काढा. आपल्या नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी लॅपटॉपला लावा. तिच्यातली सगळ्यात नवी फाइल शोधा आणि उघडून बघा. उघडली, तर तिची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डिस्कला चिकटवा. नाही उघडली, तर त्याच दिवशी संध्याकाळी दुकान गाठा.